मागणे, सांगणे, फर्मावणे

स्पॅनिशमध्ये दुसऱ्याकडून काही करवून घ्यायचे, तर आधी क्रियापद पारखावे लागते. ‘पेदिर’ म्हणजे मागणे, विनंती करणे. ‘मान्दार’ आणि ‘ओर्देनार’ म्हणजे हुकूम सोडणे. ‘एक्सिहिर’मध्ये हक्काने बजावण्याचा सूर असतो, ‘रोगार’मध्ये आर्जव आणि ‘सुप्लिकार’मध्ये पदर पसरून केलेली याचना.

इंग्रजीमार्गे शिकणारा ‘पेदिर’ आणि ‘प्रेगुन्तार’ यांत हमखास अडखळतो, कारण दोन्हींसाठी त्याच्या हाती ‘आस्क’ हा एकच शब्द असतो. मराठीत पैसे मागतात आणि पत्ता विचारतात. मागणे ते ‘पेदिर’, विचारणे ते ‘प्रेगुन्तार’, एवढे धरून चालले की घोळ उरत नाही.

स्पेनमधल्या उपाहारगृहात कॉफी मागवतात तीही ‘पेदिर’नेच. ‘ओर्देनार’चा तिथला रोजचा अर्थ खोली आवरणे, वस्तू जागच्या जागी लावणे. मेक्सिकोत मात्र जेवण मागवतानाही ‘ओर्देनार’ सर्रास ऐकू येते. ‘मान्दार’चा आणखी एक अर्थ पाठवणे, पत्रही ‘मान्दार’च करतात. मेक्सिकोत हाक मारल्यावर किंवा बोलणे नीट ऐकू न आल्यास ‘मान्दे?’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘आज्ञा करावी’, वापर मात्र अदबीने ‘काय म्हणालात?’ असे विचारण्याचा.

क्रियापद निवडल्यावर पुढच्या वाक्याचे रूप ठरते, आणि इथे मराठीची मदत फार मोलाची आहे. ‘ते पिदो के बेंगास’ म्हणजे ‘तू यावंस अशी माझी विनंती आहे’. मराठीतले ‘यावंस’ जे काम करते, तेच ‘बेंगास’ करते. ‘देसिर’ म्हणजे सांगणे. त्यातही हाच फरक दिसतो. ‘ते दिगो के बिएने’ म्हणजे ‘तो येतोय, असं तुला सांगतो’, ही बातमी. ‘ते दिगो के बेंगास’ म्हणजे ‘तू यावंस, असं तुला सांगतो’, ही आज्ञा. क्रियापद तेच, पण पुढच्या रूपाने अर्थ पालटतो.

‘मान्दार’नंतर मूळ धातुरूपही चालते: ‘ले मान्दे सालिर’, म्हणजे ‘मी त्याला बाहेर जायला सांगितलं’. ‘पेदिर’ला हीच रचना लावली तर घात होतो. ‘पिदिओ सालिर’ याचा अर्थ त्याने दुसऱ्याला जायला सांगितले असा नसून, स्वतःच बाहेर जाण्याची परवानगी मागितली असा होतो. दुसऱ्याने जावे अशी विनंती असेल, तर ‘पिदिओ के सालिएरा’ असेच म्हणावे लागते.