जुन्या ट्रान्झिस्टरचे आवरण

बीड जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी परमुलखात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परततात. मागे राहिलेल्या अशा एखाद्या घराच्या फडताळात आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर असतो. त्यावर त्यांनी बातम्या व भजने ऐकलेली असतात. धूळ बसू नये म्हणून घरच्यांनी मोठ्या मायेने तो मऊ, चकचकीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला असतो. काही वर्षांनी ते गाठोडे सोडावे, तो काय दिसते? आवरण चिकट झालेले, पेटीवर डाग उमटलेले आणि तांब्याच्या तारांवर हिरवट थर चढलेला! ज्याने राखण करावयाची, त्यानेच घात केला. असे का व्हावे?

‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं,’ ही म्हण प्लॅस्टिकला चांगलीच लागू पडते. प्लॅस्टिक हे एका पदार्थाचे नाव नसून एका मोठ्या कुळाचे नाव आहे. १९०७ साली लिओ बेकलंड या शास्त्रज्ञाने बेकेलाइट तयार केले. जुन्या रेडिओंच्या कित्येक पेट्या त्याच्याच असत. पुढे या कुळाचा विस्तार झाला आणि त्यात भिन्न स्वभावाची माणसे असावीत, तसे भिन्न गुणांचे पदार्थ आले.

त्यांपैकी पीव्हीसी या प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन असतो. ते मऊ व्हावे म्हणून त्यात तेलकट द्रव्ये मिसळतात. कालांतराने ही द्रव्ये पाझरतात व आवरण चिकट होते. शिवाय उष्णतेने व प्रकाशाने पीव्हीसीचे हळूहळू विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. हवेतील ओलाव्याशी त्याचा संयोग झाला की तीव्र आम्ल बनते आणि ते धातू खाते. बीडकडे उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि त्यामागोमाग पावसाळ्याची दमट हवा येते. विनाशाला लागणारी दोन्ही साधने अशी आयतीच मिळतात. गादीतील स्पंजही वस्तूभोवती ठेवू नये; वर्षानुवर्षांनी त्याचा भुगा होऊन तो यंत्रात शिरतो.

याउलट पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीन व पॉलिएस्टर यांत क्लोरीन नसतो. म्हणून ती साठवणीस योग्य ठरतात. त्यांची ओळख पटविणे सोपे आहे. डब्याच्या तळाशी बहुधा त्रिकोणात एक अंक असतो. १ म्हणजे पॉलिएस्टर, २ व ४ म्हणजे पॉलिथीन आणि ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ३ हा अंक पीव्हीसीचा. तो दिसताच तो डबा दूर ठेवावा.

ट्रान्झिस्टर ठेवण्यापूर्वी त्यातील सेल काढून घ्यावेत, कारण ते फुटून पाझरतात. मग तो कोरड्या फडक्याने पुसून स्वच्छ सुती कापडात गुंडाळावा आणि पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. तापणाऱ्या पत्र्याखाली किंवा ओलसर भिंतीशी डबा ठेवू नये. वर्षातून एकदा, कोरड्या दिवसांत, तो उघडून पाहावा.

वस्तू जपण्यासाठी माया तर हवीच. पण मायेला ज्ञानाची जोड मिळाली, तरच आजोबांचा ट्रान्झिस्टर नातवंडांच्या हाती सुखरूप पोहोचेल.