चित्र बोलतंय, वीणा सांगतेय : यात्रेच्या मांडवातली एक विसरलेली बैठक

रब्बीची मळणी उरकली, की सातारा-सांगलीकडं गावोगाव यात्रांचे वेध लागतात. यात्रा कमिटीची पहिली बैठक बसते, पट्टी ठरते, आणि मग वाद एकच. तमाशा आणायचा, ऑर्केस्ट्रा आणायचा, की नुसताच डीजे लावायचा? गेल्या काही वर्षांत बहुतेक ठिकाणी डीजेच जिंकतो. बसल्या जागी छातीत धडधड होते, म्हातारी माणसं दारं लावून घेतात, गोठ्यातली जनावरं दावणीला हिसके देतात. सकाळी विचारावं, की काल काय ऐकलं, तर सांगता कुणालाच येत नाही.

याच पट्टीतल्या थोड्या पैशात एक वेगळी रात्र रंगवता येते. तीन-चार वाजवणारे, एक सांगणारा आणि समोर चित्रं. परदेशात अलीकडं छोट्या वाद्यवृंदाबरोबर गोष्ट, कविता आणि पडद्यावर चित्रं असे कार्यक्रम होऊ लागले आहेत, आणि ते नवीन म्हणून नावाजले जातात. आपल्या मातीत मात्र हा प्रकार शेकडो वर्षांचा आहे. त्याचं नाव चित्रकथी.

गावच्या दफ्तरात बसणाऱ्यांना हा शब्द अनोळखी नाही. भटक्या जमातींच्या यादीत गोंधळी, गोसावी, भराडी यांच्याबरोबर चित्रकथी हे नाव आहे. जातीच्या दाखल्यावर ते लिहिलं जातं, पण लिहिणाऱ्याला आणि बहुतेक वेळा दाखला घेणाऱ्यालाही, या नावामागं चित्रांची पोथी होती हे आठवत नाही. नाव राहिलं, पोथी गेली. बाराव्या शतकात या मुलखावर राज्य करणाऱ्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो. म्हणजे हा धंदा निदान नऊशे वर्षांचा जुना.

तो जिवंत बघायचा, तर घाट उतरून सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला जावं लागतं. तिथली ठाकर समाजाची मंडळी ही कला पिढ्यानपिढ्या करत आली. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता. पोथी म्हणजे बांधलेलं पुस्तक नव्हे, तर सुट्या चित्रांचा गठ्ठा. एकेक कागद साधारण फूट-दीड फुटाचा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे कागद उलटला की गोष्ट पुढं सरकते. एका पोथीत एकच आख्यान, रामायण-महाभारतातलं. चित्रांतली माणसं बहुतेक एका बाजूनं दिसणारी, डोळे मोठे, रंग ठसठशीत. अंधारात दिव्याच्या उजेडात लांबून ओळखू यावीत, हा त्यामागचा हिशेब.

मांडणी अगदी साधी. देवळाच्या ओसरीवर किंवा अंगणात दोघं-तिघं बसतात. एकाकडं वीणा, दुसऱ्याकडं हुडूक, तिसऱ्याकडं टाळ. मुख्य माणूस पुढं चित्र उभं करतो, गाऊन प्रसंगाला तोंड पाडतो आणि मग साध्या बोलीत गोष्ट सांगू लागतो. साथीदार मध्येच ‘मग काय झालं?’ अशा अर्थाचा हुंकार देतो. रावण आला की हुडूक घुमतो, सीता रडली की वीणेची तार एकटीच वाजत राहते. बोट चित्रावर फिरतं, प्रसंग संपतो, कागद उलटतो. ऐकणाऱ्याचे कान आणि डोळे एकाच जागी खिळलेले. सिनेमात चित्र पळतं, इथं ते थांबतं. आणि थांबलेल्या चित्रात बघणारा आपल्या मनानं भर घालत जातो. सगळी गंमत इथं आहे.

ही कला टिकली त्यातही शेतकऱ्याला आपली वाटावी अशी गोष्ट आहे. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यातच या चित्रांचं आणि बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जिथं जनावरं बांधायची तिथं पोथ्या मांडल्या, म्हणून त्या बघायला मिळतात. बाकी कितीतरी पोथ्या मोडीत गेल्या, काही संग्रहालयांत पोचल्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी चित्रं आहेत. पण काचेमागचं चित्र बोलत नाही. त्याला सांगणारा लागतो, आणि सांगणारे मोजकेच उरलेत.

आपल्या दोन जिल्ह्यांचा वाटा

सातारा-सांगलीला यात काही देणंघेणं नाही असं कुणी म्हणू नये. १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं आणि मराठी नाटक सुरू झालं. त्या नाटकाची रीत काय होती? सूत्रधार पदं म्हणायचा, मागं वाद्यांची साथ, आणि पात्रं आपापलं बोलणं ऐनवेळी बोलायची. गाणं सांगतंय आणि सोंग दाखवतंय, म्हणजे चित्रकथीचंच भावंडं. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना लोक सूर्यनमस्कारासाठी ओळखतात. पण ते स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनकारही. त्यांनी रामायणाची चित्रं काढली आणि १९१६ साली ती पुस्तकरूपानं छापली. १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधून रयतेला मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं दाखवली. संस्थान खटावपासून आटपाडीपर्यंत विखुरलेलं. त्याच आटपाडी भागातलं माडगूळ्याचं पोर, ग. दि. माडगूळकर, औंधच्या शाळेत शिकलं. पुढं १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून त्यांचं आणि सुधीर फडक्यांचं ‘गीतरामायण’ ५६ गाण्यांतून घराघरांत गेलं. राजानं रामायण रंगवलं, त्याच्या शाळेतल्या मुलानं ते गाण्यात सांगितलं. याच औंधात १९४० पासून अंतूबुवा जोशी यांनी सुरू केलेला संगीत उत्सव अश्विन वद्य पंचमीला भरतो. खेड्यातली माणसं मांडी घालून रात्रभर गाणं ऐकतात. ‘खेड्यात शास्त्रीय कोण ऐकतंय?’ असं विचारणाऱ्यानं एकदा तिथं जाऊन बसावं.

आणि वाद्यं? मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा भोपळा पंढरपूरकडच्या शेतात पिकतो. खायच्या उपयोगाचा नाही, कडू. वाळवून, पोखरून त्याचा तंबोरा होतो. शेतकऱ्याच्या बांधावरचं फळच बैठकीत सूर धरतं म्हणायचं.

बाहेरही हेच दिसतं. आपल्याकडं फड म्हटलं की ऊस नाहीतर तमाशा आठवतो. राजस्थानात फड म्हणजे रंगवलेलं लांबलचक कापड. भोपा रावणहत्ता वाजवत पाबूजीची कथा गातो, बायको दिवा धरून चित्र उजळते. बंगालात पटुआ चित्रांची गुंडाळी उलगडत गाणं म्हणतात. जपानात १९३० च्या सुमारास गोळ्या-मिठाई विकणारे सायकलवर लाकडी चौकट बांधून चित्रांची गोष्ट सांगत हिंडायचे. पोरं गोळ्या घ्यायची आणि गोष्ट ऐकायची.

गावात करायचं कसं

रामायणच सांगायला हवं असं नाही. गावाला स्वतःची आख्यानं आहेत. कुंडल भागातलं प्रतिसरकार आणि ७ जून १९४३ ची शेणोलीजवळची पगाराची गाडी, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ आणि खडी फोडायची कामं, येरळेवर लोकांनी स्वतः राबून बांधलेलं बळीराजा धरण. हे पाहिलेली माणसं वयानं थकली आहेत. प्रतिसरकारचे साक्षीदार तर बोटावर मोजण्याइतकेही राहिले नाहीत. त्यांचं बोलणं आज लिहून घेतलं नाही, तर पुढच्या पोरांना सांगायला फक्त तारखा राहतील.

चित्रं शाळेतल्या मुलांकडून काढून घ्यावीत. बारा-पंधरा पुष्कळ झाली. पेटी, पखवाज, टाळ भजनी मंडळाकडं असतातच. एखादा व्हायोलिनवाला किंवा सनईवाला मिळाला तर सोन्याहून पिवळं. सांगणारा मात्र नीट निवडावा. भाषण ठोकणारा नको, जात्यावर दळताना गोष्ट सांगावी तसा सांगणारा हवा. तो बोलत असताना वाद्यांनी नुसता सूर धरून ठेवायचा, तो थांबला की वाद्यांनी बोलायचं. दोन्ही एकदम चाललं की बाजार होतो. सिनेमाच्या चाली कटाक्षानं टाळाव्यात.

हातभर चित्र पन्नास-साठ माणसांपुरतं. पाचशे जमणार असतील तर शाळेतला प्रोजेक्टर वापरावा, काही बिघडत नाही. १८९० च्या दशकात कल्याणच्या पटवर्धन मंडळींनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावानं काचेवरची रंगीत चित्रं दिव्यानं पडद्यावर पाडून, सोबत निवेदन आणि संगीत देऊन खेळ केलेच होते. फक्त एकेक चित्र पुरेसा वेळ थांबू द्यावं.

सरपंच आणि पोलीस पाटलांच्या सोयीचीही एक गोष्ट आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असते, ठरावीक दिवसांचीच काय ती सवलत. ओसरीवरच्या अशा बैठकीला भोंगा लागतच नाही. मानधनाचं मात्र आधी ठरवावं आणि बैठक संपल्याबरोबर हातात द्यावं. ‘गावचीच माणसं आहेत, नारळावर भागेल’ ही सवय कलावंताला उपाशी ठेवते, आणि उपाशी कलावंताचा पोरगा पुढं वीणेला हात लावत नाही.

शाळांच्या सहली दरवर्षी मालवणला सिंधुदुर्ग किल्ला बघायला जातातच. पिंगुळी कुडाळला लागूनच आहे. गुरुजींनी आधी कळवून त्या गोठ्यातल्या पोथ्यांसाठी दोन तास काढले, तर मुलांना वीणा आणि हुडूक जवळून ऐकायला मिळेल.