खुंटीवरची बंदूक

गेल्या मार्गशीर्षांत आम्हांस घाटंजीकडे जाण्याचा योग आला. घाटंजीहून दोन कोसांवरच्या एका खेड्यांत आमच्या आत्याबाईंचें सासर आहे. आत्याबाईंना जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. परंतु त्यांचे चिरंजीव, आमचे अण्णा, अजून तेथेंच राहून शेती पाहतात, आणि "एकदां येऊन जा, पुढच्या वर्षीं मी असेन-नसेन" असें गेलीं दहा वर्षें कळवीत असतात. यंदां आमच्या मंडळींनींच मनावर घेतलें आणि आम्ही उभयतां निघालों. यवतमाळचें पठार सोडून मोटार दक्षिणेकडे उतरूं लागली कीं दोहों बाजूंस काळी जमीन लागते. कपाशीची वेचणी चालली होती, तुरी छातीपर्यंत वाढल्या होत्या, आणि सागवानाच्या टेकड्या दूर निळसर दिसत होत्या. घाटंजी गांव वाघाडी नदीच्या कांठीं आहे. नदीचें हें नांव ऐकतांच आमच्या मंडळींनीं एकवार आमच्याकडे पाहिलें, पण त्या कांहीं बोलल्या नाहींत.

घरीं पोंचून हातपाय धुऊन ओसरीवर टेकलों, तों समोरच्या भिंतीकडे दृष्टि गेली. तेथें तीन खुंट्या होत्या. एकीवर अण्णांची टोपी व उपरणें, दुसरीवर छत्री आणि तिसरीवर बंदूक! तिच्या बरोबर खालीं सतरंजीवर अण्णांचा आठ वर्षांचा नातू पालथा पडून चित्रें काढीत होता.

"अहो वहिनी, ती खरी आहे का?" मंडळींनीं हळूच विचारलें.

"खरी तर काय! पण तिच्या पोटांत कांहीं नसतें. काडतुसें कपाटांत, आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला," असें म्हणून वहिनी चहाचें आधण ठेवावयास आंत गेल्या.

आम्हां शहरवासी पांढरपेशांस बंदूक ही वस्तु ठाऊक असते ती पोलिसाच्या खांद्यावर, बँकेच्या दारांत, नाहींतर चित्रपटांत. येथें तिची पंगत कोयता, पहार आणि छत्री यांच्याबरोबर. कोणी तिच्याकडे वळून पाहत नाहीं. तीन दिवसांत ती एकदांच खालीं आलेली आम्हीं पाहिली, आणि तीही अण्णांच्या हातीं नव्हे. वहिनींनीं गच्चीवर मूगवड्या घातल्या होत्या. वानरांची टोळी कौलांवरून उतरूं लागली. वहिनींनीं शांतपणें बंदूक काढली, रिकामीच खांद्याला लावली आणि नेम धरल्यासारखें केलें. टोळी क्षणांत चिंचेवर! परवाना ज्याच्या नांवाचा, त्याखेरीज दुसऱ्यानें हत्यार हाताळणें कायद्यास धरून नाहीं, हें आम्हीं वहिनींच्या कानांवर घातलें. "वानरांना ठाऊक नाहीं तें," एवढेंच त्यांचें उत्तर.

ही बेफिकिरी नेहमींच निर्धोक ठरली असें मात्र नाहीं. ओसरीच्या आढ्याला एक भोंक आहे आणि त्यांत कापसाचा बोळा कोंबलेला आहे. अण्णांचे धाकटे काका एकदां बंदूक पुसावयास बसले असतां आंत राहिलेला बार उडाला, तो तेथें लागला. पाळण्यांत तेव्हां अण्णांची बहीण निजली होती. ही हकीकत घरांत सारेजण हंसत हंसत सांगतात. आम्हांस हंसूं आलें नाहीं. अण्णांच्या सूनबाई माहेरच्या पुण्याच्या. त्याही हंसत नाहींत, असें आमच्या ध्यानांत आलें.

वऱ्हाडांतील ब्राह्मण घरीं बंदूक यावी कशी, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल. तिचें कारण शौर्य नव्हे, पीक आहे. १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांच्या अमदानींत हत्यारांचा कायदा झाला आणि परवान्यावांचून हत्यार बाळगण्याची बंदी सर्वत्र आली. हा कायदा सौम्य करावा असा ठराव राष्ट्रीय सभेनें १८८७ च्या मद्रासच्या अधिवेशनांतच केला होता. म्हणजे प्रश्न कांहीं आजचा नव्हे. स्वातंत्र्यानंतर १९५९ सालीं नवा कायदा झाला. त्यांतील तेरावें कलम अण्णांस तोंडपाठ आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकास परवाना द्यावा, आणि ठासणीची पुरेशी नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची द्यावी, असा त्याचा आशय आहे. अण्णांच्या वडिलांची ठासणीचीच होती. दारू, चिंधी आणि छरे गजानें ठासतां ठासतां डुक्कर वावर ओलांडून जाई. अण्णांनीं पुढें एकनळी बाराबोरी घेतली.

विजयादशमीस हीच बंदूक देवघरासमोरच्या पाटावर चढते. एका बाजूस पोथ्या व हिशेबाच्या वह्या, दुसऱ्या बाजूस विळा, तराजू आणि मध्यें ही. हळदकुंकू, झेंडूचें फूल आणि आपट्याचें पान तिलाही मिळतें. आत्याबाई जुन्या वळणाच्या. त्या तिला "आमची राखणदारीण" म्हणत आणि पूजेनंतर नैवेद्याच्या वाटींतील गुळाचा खडा दस्त्यावर ठेवीत. मग मुंग्या होत, आणि दुसऱ्या दिवशीं तीच बाई मुंग्यांवरून मामंजींशीं भांडे!

आतां या राखणदारणीचें काम काय उरलें आहे तें पाहूं. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीचे परवाने अजिबात संपले. पीक नासणाऱ्या रानडुकरांस व रोह्यांस मारण्याची सवलत महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं कांहीं सुलभ केली खरी. परंतु त्यासाठीं वनाधिकाऱ्याकडे अर्ज हवा, मंजुरी हवी. "अर्जाचें उत्तर येईतों डुकरानें थांबावें, असा हुकूम कोणी काढील तर बरें होईल," असें अण्णा म्हणाले. सबब बंदूक उडते ती आभाळाकडे. एका काडतुसाचा आवाज, आणि अर्ध्या रात्रीची झोंप, असा हा व्यवहार आहे. प्रत्येक काडतुसाचा हिशेब वहींत असतो. निवडणूक जाहीर झाली कीं बंदूक ठाण्यांत जमा करावी लागते; मग कपाशीच्या ऐन बोंडांत असो, कीं तुरीच्या ऐन शेंगांत.

एका रात्रीं आम्हीं हट्टानें जागलीस जाण्याचें ठरविलें. अण्णांचे गुडघे आतां माचाणावर चढूं देत नाहींत. म्हणून त्यांचा म्हातारा सालदार आणि सालदाराचा मुलगा आम्हांस घेऊन गेले. थंडी मी म्हणत होती. माचाणावर कडब्याचें अंथरूण, एक घोंगडी, पत्र्याचा डबा, बॅटरी आणि प्लॅस्टिकच्या जाड नळीचें एक विचित्र यंत्र होतें. नळींत कार्बाइडचे खडे व पाणी घालावयाचें, वायु भरला कीं मागून ठिणगी पाडावयाची. मोठा बार होतो. त्यास परवाना लागत नाहीं, शेंदोनशें रुपयांत काम होतें. मुलाच्या डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग होता. बार कां होत नाहीं म्हणून त्यानें नळींत डोकावून पाहिलें होतें. डोळा वांचला हें नशीब. २०२५ च्या दिवाळींत भोपाळ व त्याच्या आसपास याच खेळण्यानें कितीतरी मुलांच्या डोळ्यांस इजा झाली, ती बातमी वाचकांच्या स्मरणांत असेल.

मध्यरात्रीनंतर तुरींत खसखस झाली. बॅटरीच्या झोतांत आठदहा काळ्या पाठी दिसल्या. म्हाताऱ्यानें डबा बडविला, मुलानें नळीचा बार काढला, आणि कळप पलीकडच्या वावराकडे वळला. आम्ही उत्साहानें खालीं उतरून त्यामागें दोन पावलें टाकलीं, तोंच म्हाताऱ्यानें आमचें मनगट धरलें.

"तिकडं जाऊ नोका, बापूसाहेब. त्या धुऱ्यावर करंट असते."

शेजाऱ्यानें धुऱ्याभोंवती उघडी तार ताणून तींत खांबावरचा प्रवाह सोडला होता. बाजारांत मिळणारें झटक्याचें यंत्र निराळें. त्याचा झटका क्षणिक असतो, जनावर बिचकतें आणि मागें फिरतें. ही तार मारतेच. डुक्कर मरतें, वाघ मरतो, आणि पहांटे पाणी धरावयास निघालेला शेतकरीही मरतो. म्हाताऱ्यानें सांगितलेल्या दोन गोष्टी येथें लिहिण्यासारख्या नाहींत. एवढेंच सांगतों कीं परततांना आम्हीं त्याच्या पावलावर पाऊल ठेवून चाललों, आणि घरीं येईपर्यंत कोणी बोललें नाहीं.

सकाळीं अण्णांस हें सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "तुम्हांला माझ्या बंदुकीचें भय वाटलें होतें ना? बंदूक दिसते रे. तार दिसत नाहीं."

वाघाचाही विषय निघाल्यावांचून राहिला नाहीं. घाटंजी व केळापूर या तालुक्यांच्या हद्दींत टिपेश्वरचें अभयारण्य आहे. विस्तार सुमारें १४८ चौरस किलोमीटर. येथील एक तरुण वाघ २०१९ सालीं निघाला, तो सुमारें तीन हजार किलोमीटर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेच्या जंगलांत गेला! शेजारच्या राळेगांव-पांढरकवडा भागांत अवनी या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका आला, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं तिला गोळी घालण्यांत आली. शहरांत त्यावर मोर्चे निघाले, लेख आले. तिचे दोन बछडे पोरके झाले म्हणून आम्हींही हळहळलों होतों. त्या दोन वर्षांत या मुलखांतील बायका सरपणास व कापूस वेचावयास कशा गेल्या असतील, हें तेव्हां आमच्या मनांतही आलें नाहीं. वहिनी म्हणाल्या, "आम्ही टोळीनें जात होतों, आणि मागची बाई मोठ्यानें गाणें म्हणे." बंदुका तेव्हां घरोघर होत्या असें नव्हे, आणि होत्या त्यांचा वाघापुढें उपयोग नव्हताच.

आमचा एक भाचा अमेरिकेंत कॅन्सस संस्थानांत असतो. तोही सपाट, गव्हाचा मुलूख. तेथें २०१५ पासून एकवीस वर्षांवरील मनुष्यास परवान्यावांचून पिस्तूल अंगावर लपवून नेतां येतें, आणि शेजारचा शेतकरी लांडग्याच्या जातीच्या कोयोटसाठीं मोटारींतच रायफल ठेवतो, असें तो सांगतो. निवांतपणा तोच, फरक इतकाच कीं तेथें १७९१ पासून हत्यार हा घटनेनें दिलेला हक्क समजला जातो, आणि अण्णांस मात्र दर मुदतीस आपण सज्जन असल्याचें सिद्ध करावें लागतें. २०१९ पासून ही मुदत तीनाची पांच वर्षें झाली आहे. आपल्याच देशांत कोडगूच्या लोकांस ब्रिटिशांच्या काळापासून परवान्याची माफी आहे, आणि ती २०२९ पर्यंत वाढविलेली आहे. तेही कैलपोद सणांत बंदुकांस फुलें वाहतात. आत्याबाईंस हें कळतें तर त्यांनीं गूळही पाठविला असता.

खरा पेंच घरांतलाच होता, आणि आम्हांस बोलावण्याचें कारणही तेंच, हें तिसऱ्या दिवशीं उघड झालें. अण्णांस चौऱ्याहत्तर झालीं. सत्तरी उलटल्यावर परवाना वारसाच्या नांवें करून घेण्याची सोय नियमांत आहे. चिरंजीव नागपुरास नोकरींत. त्यांचें म्हणणें, बंदूक सरकारजमा करून टाकावी, वावर बटाईनें द्यावें आणि अण्णांनीं नागपुरास यावें. "तूं त्याला समजाव," असें अण्णा आम्हांस म्हणाले. आणि "मामा, तुम्हीं अण्णांना समजवा," असें चिरंजीव दूरध्वनीवरून म्हणाले.

आम्हांस काय वाटतें तें आम्हीं स्पष्ट सांगितलें. बंदूक ओसरीवरून आजच उतरावी आणि कुलपांत जावी. आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर ती शोभत नाहीं, मग ती रिकामी असो कीं भरलेली. पण तिला सरकारजमा करून त्या जागीं तारेला आणावयाचें असेल, तर त्या सुधारणेपेक्षां खुंटी बरी. धुऱ्याला झटक्याच्या यंत्राचें कुंपण घालावें, खर्चांत आम्ही चौथाई उचलतों, आणि तें उभें राहून एक हंगाम पाहिल्यावर परवान्याचें काय तें ठरवावें. सूनबाई प्रथमच मोकळ्या बोलल्या: "कुंपणाचे पैसे आम्हीच देऊं, मामा. ती आधीं खालीं काढा." अण्णा बराच वेळ सुपारी कातरीत राहिले.

निवडणुकीचा हुकूम तेवढ्यांत आलाच होता. दुसऱ्या दिवशीं अण्णांनीं बंदूक जुन्या धोतरांत गुंडाळली आणि आम्ही दोघे घाटंजीस ठाण्यांत गेलों. आमच्या पुढें आणखी चौघे म्हातारे तशींच गांठोडीं मांडीवर घेऊन बांकावर बसले होते. पिकाच्या, पावसाच्या, लेकीबाळींच्या गोष्टी चालल्या होत्या. जणू दवाखान्यांतली रांग. पावती मिळाली. अण्णांनीं ती घडी करून टोपींत ठेवली, आणि परततांना वाटेंत कुंपणाच्या दुकानापाशीं मोटार थांबवावयास सांगितली. दर विचारला, मीटरचा हिशेब बोटांवर केला, महाग आहे म्हणाले, आणि विसार म्हणून पांचशें रुपये देऊन आले.

घरीं आलों तों अंगणांत गडबड. मूगवड्यांवर वानरें पुन्हां उतरलीं होतीं. वहिनी संवयीनें तिसऱ्या खुंटीकडे गेल्या, रिकामी पाहून थबकल्या, मग दुसरीवरची छत्री काढून तीच त्यांनीं खांद्याला लावली. वानरांनीं थोडा विचार केला. म्हातारा हुप्प्या दोन पावलें पुढें आला. तेवढ्यांत वहिनींनीं खटकन् छत्री उघडली, आणि सारी टोळी चिंचेवर गेली.