ट्रॉली जोडण्यापूर्वी: पिन, कडी आणि साखळी



आपल्या कणकुंबीत उगम पावणारी मलप्रभा पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ धरणात अडते. पौष-माघातल्या पौर्णिमांना यल्लम्माच्या यात्रेसाठी सीमाभागातली कितीतरी कुटुंबे सौंदत्तीची वाट धरतात. पूर्वी बिऱ्हाड बैलगाडीत असे, आता ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत असते. ताडपत्रीचे छप्पर, जळण, भांडीकुंडी, पाण्याची पिंपे. शहरातले लोक ज्याला कॅरॅव्हॅन म्हणतात, ती आपल्याकडे ही अशी.

बँकेत असताना आम्ही ट्रॅक्टर कर्जाच्या पुष्कळ फायली हाताळल्या. ट्रॅक्टरचे कोटेशन असे, ट्रॉलीचे असे, विम्याचा कागद असे. दोघांना जोडणाऱ्या पिनेचा उल्लेख मात्र कुठे नसे. प्रत्यक्षात चढउतारावर सगळा भार तिच्यावरच येतो. म्हणून जोडणीबद्दल चार गोष्टी इथे मांडत आहोत.

कुठे जोडायचे? ट्रॅक्टरच्या मागे खालच्या बाजूला ओढणीसाठी ड्रॉबार किंवा ट्रेलर हुक असतो. ट्रॉली तिथेच जोडावी. हायड्रॉलिकचे हात आणि त्यांच्यामधली भोकांची पट्टी ही शेतातल्या अवजारांसाठी असते. हात वर उचलले गेले की ओढण्याची जागाही वर जाते. ती मागच्या आसाच्या वर गेली तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटू शकतो. वरच्या मधल्या दांड्याला तर साखळी बांधूनही काही ओढू नये.

पिन आणि कडी. पिन कडीच्या मापाची असावी. सैल पिन प्रत्येक खड्ड्यात आदळते आणि लवकर झिजते. पिनेवर खाच दिसली किंवा कडी आतून लांबट झाली, तर ती बदलावी. पिनेच्या जागी सळईचा तुकडा किंवा साधा बोल्ट घालणे ही काटकसर नव्हे. पिनेला खालून खिट्टी हवीच. नाहीतर धक्क्याने पिन वर उसळून निघते. शिवाय दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना ओलांडून बांधाव्यात. वळताना ताण येणार नाही इतक्या सैल, पण रस्त्याला घासणार नाहीत इतक्या आखूड. पिन निघालीच तर ट्रॉली मोकाट सुटत नाही.

भार कसा भरायचा? आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. बैलगाडीत ओझे मागे गेले की गाडी उलाळते, फार पुढे आले की जू बैलांच्या मानेवर बसते. दोन चाकी ट्रॉलीचेही तसेच. जड सामान आसाच्या किंचित पुढे आणि तळाशी ठेवावे. मागे भरले तर दांडी हुकाला वर उचलते, मागच्या चाकांची पकड कमी होते आणि ट्रॉली डुलू लागते. पाण्याची पिंपे काठोकाठ भरून घट्ट बांधावीत. अर्ध्या पिंपातले पाणी वळणावर हिंदकळून तोल बिघडवते.

घाटात. जांबोटीकडचा रस्ता असो वा चोर्ल्याचा उतार, ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरावे. मध्येच क्लच दाबू नये. डावे-उजवे ब्रेक पेडल रस्त्यावर एकत्र अडकवलेले असावेत. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर मागची ट्रॉली ट्रॅक्टरला आडवे ढकलते. निपाणी भागात उसाच्या हंगामात एकामागे दोन ट्रॉल्या दिसतात. घाटात ते धाडस नको.

आपली काही मुले परदेशात कारमागे छोटा ट्रेलर लावून फिरतात. तिथे हुकाऐवजी गोल बॉल असतो; युरोपात तो 50 मिलिमीटरचा, अमेरिकेत वेगवेगळ्या मापांचा. बॉल आणि त्यावर बसणारी वाटी एकाच मापाची हवी. अमेरिकेत साधारण नियम असा, की भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार बॉलवर यावा, म्हणजे 800 किलोच्या ट्रेलरला 80 ते 120 किलो. युरोपातल्या गाड्यांना ही मर्यादा बरीच कमी असते, म्हणून गाडीचे पुस्तक पाहावे. आणि कार, हुक, बॉल यांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच पूर्ण जोडणीची क्षमता धरावी.

आता कागदांविषयी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 61 नुसार ट्रेलरचीही नोंदणी लागते. विमा घेताना पॉलिसीत ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचाही उल्लेख आहे ना, हे स्वतः वाचून पाहावे. मालाच्या ट्रॉलीतून माणसे नेण्यास कायद्याने परवानगी नाही. तशा प्रवासात काही घडले तर भरपाईचे भांडण वर्षानुवर्षे चालते, आणि गेलेले माणूस त्याने परत येत नाही. सामान ट्रॉलीत जाऊ द्यावे. बायका-मुले, म्हातारी माणसे बसने जावीत.

निघताना चालकाने आणि घरातल्या आणखी एकाने पिन, खिट्टी, साखळी, मागचा दिवा आणि लाल रिफ्लेक्टर हाताने तपासावेत. पहिल्या पाचेक किलोमीटरनंतर थांबून पुन्हा एकदा पाहावे. एवढ्याला दहा मिनिटे पुरतात.

उदं गं आई उदं!