मंगळवारी ठरणारं तिकीट

सोमवार, २ मार्च २०२०. मिनेसोटाच्या सिनेटर एमी क्लोबुशार यांनी अध्यक्षपदाच्या शर्यतीतून माघार घेतली. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या स्वतःच्या राज्यात मतदान होतं. पीट बुटिजेज आदल्या दिवशीच बाहेर पडले होते. सोमवारी संध्याकाळी दोघांनीही टेक्सासमधल्या डॅलसला जाऊन जो बायडन यांना जाहीर पाठिंबा दिला. बायडन यांनी मिनेसोटात धड प्रचारही केला नव्हता, तरी मंगळवारी ते राज्य त्यांनी जिंकलं. पण मिनेसोटात मुदतपूर्व मतदान जानेवारीच्या मध्यापासूनच सुरू झालं होतं. कडाक्याच्या थंडीत जाऊन ज्यांनी क्लोबुशार किंवा बुटिजेज यांना मत दिलं होतं, त्यांची मतपत्रिका पेटीत होती आणि उमेदवार रिंगणाबाहेर.

त्या मंगळवारी चौदा राज्यांत एकाच वेळी मतदान झालं. डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या एकूण प्रतिनिधींपैकी साधारण एक तृतीयांश प्रतिनिधी एका दिवसात वाटले गेले. याच दिवसाला अमेरिकेत ‘सुपर ट्यूसडे’ म्हणतात. दर चार वर्षांनी तो येतो, बहुतेक वेळा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात. नोव्हेंबरातल्या निवडणुकीइतकाच तो महत्त्वाचा आहे, असं माझं मत आहे. नोव्हेंबरात मतदारासमोर कोणती दोन नावं येणार, हे पुष्कळदा इथंच ठरतं.

आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचं हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. इच्छुक दिल्लीच्या वाऱ्या करतात, यादीची वाट पाहतात, तिकीट कापलं गेलं की बंडखोरी करतात. अमेरिकेत हे तिकीट सामान्य मतदार देतो. प्रत्येक राज्यात पक्षांतर्गत मतदान होतं. बहुतेक ठिकाणी ती प्रायमरी असते, म्हणजे नेहमीसारखं गुप्त मतदान. काही ठिकाणी कॉकस, म्हणजे गावोगावी भरणाऱ्या पक्षाच्या सभा. मतांनुसार उमेदवारांच्या पारड्यात प्रतिनिधी पडतात आणि उन्हाळ्यातल्या अधिवेशनात ज्याच्याकडे निम्म्याहून अधिक प्रतिनिधी, तो पक्षाचा उमेदवार.

खरी मेख वेळापत्रकात आहे. आपली लोकसभा निवडणूकही टप्प्याटप्प्याने होते. २०२४ मध्ये सात टप्पे झाले. पण पहिल्या टप्प्यातली यंत्रं शेवटच्या टप्प्यापर्यंत मोहोरबंद राहतात आणि मतमोजणी एकाच दिवशी होते. विदर्भाने काय कौल दिला हे मुंबईच्या मतदाराला मत देताना ठाऊक नसतं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा निकाल बहुधा त्याच रात्री लागतो. पुढच्या राज्याचा मतदार तो पाहतो, देणगीदार पाहतात, वर्तमानपत्रं पाहतात. दोन-तीन ठिकाणी मागे पडलेल्या उमेदवाराचा पैसा आटतो आणि तो घरी जातो. मे-जूनमध्ये मतदान करणाऱ्या राज्यांसमोर बहुधा एकच नाव उरलेलं असतं. त्या राज्यांतल्या लाखो लोकांना निवड करायची संधीच मिळत नाही, आणि या सगळ्या व्यवस्थेत मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट ही आहे.

हे वेळापत्रक कुणी एकाने आखलेलं नाही. १९६८ पर्यंत प्रायमरी होत्या, पण निर्णय पक्षातल्या मातब्बरांच्या हातात होता. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनात आत गदारोळ आणि बाहेर रस्त्यावर पोलिसांचे दंडुके, हे दृश्य देशाने टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर पक्षाने नियम बदलले आणि १९७२ पासून मतदाराचा कौल निर्णायक झाला. मग पहिलं मत कोणाचं, याला एकदम किंमत आली. आयोवाचे कॉकस आणि न्यू हॅम्पशायरची प्रायमरी या दोन छोट्या, बहुसंख्य गोऱ्या राज्यांनी तो मान पटकावला. न्यू हॅम्पशायरने तर कायदाच केला की, आमची प्रायमरी तशा इतर कोणत्याही मतदानाच्या किमान सात दिवस आधी होईल.

दक्षिणेतल्या राज्यांना हे खुपत होतं. १९८४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार वॉल्टर मॉन्डेल यांना पन्नासपैकी फक्त एक राज्य मिळालं, त्यांचं स्वतःचं मिनेसोटा. दक्षिणेतल्या डेमोक्रॅटिक नेत्यांनी निदान केलं की, पक्ष फार डावीकडे झुकलाय. मध्यममार्गी, शक्यतो दक्षिणेचाच माणूस हवा. त्यासाठी दक्षिणेने एकाच दिवशी मतदान करावं, म्हणजे उमेदवारांना आमच्या दारी यावंच लागेल. ‘सुपर ट्यूसडे’ हा शब्द आधीपासून वापरात होता, पण आज त्याला जो अर्थ आहे तो या डावाने दिला. ८ मार्च १९८८ रोजी दक्षिणेच्या पुढाकाराने वीसेक राज्यांत एकदम मतदान झालं.

टेनेसीचे ३९ वर्षांचे सिनेटर अल गोर हे या योजनेत नेमके बसणारे उमेदवार. त्यांनी दक्षिणेतली आणि सीमेवरची पाच राज्यं जिंकलीही. पण अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, मिसिसिपी आणि व्हर्जिनिया जिंकली जेसी जॅक्सन यांनी. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत काम केलेले हे धर्मोपदेशक उमेदवारांमध्ये सर्वांत डावीकडचे होते. दक्षिणेतला कृष्णवर्णीय मतदार एकदिलाने त्यांच्यामागे उभा राहिला, तर पुराणमतवादी गोऱ्या मतदारांपैकी अनेक जण तोवर रिपब्लिकन प्रायमरीकडे वळले होते. टेक्सास आणि फ्लोरिडा ही दोन सर्वांत मोठी राज्यं गेली मॅसॅच्युसेट्सच्या मायकेल ड्युकाकिस यांच्याकडे. टेक्सासमध्ये त्यांनी स्पॅनिश भाषक मतदारांशी स्पॅनिशमध्ये संवाद साधला होता. अखेर उमेदवारी ड्युकाकिस यांनाच मिळाली आणि नोव्हेंबरात ते चाळीस राज्यांत हरले. रिपब्लिकन बाजूला मात्र जॉर्ज बुश यांनी त्या मंगळवारी वॉशिंग्टन राज्य वगळता सगळीकडे बाजी मारली आणि बॉब डोल यांचं आव्हान संपल्यात जमा झालं. दक्षिणेच्या डेमोक्रॅट नेत्यांनी मांडलेल्या डावाचा लाभ विरोधी पक्षाला झाला.

चार वर्षांनी डाव थोडा साधला. जॉर्जियाचे गव्हर्नर झेल मिलर यांनी आपल्या राज्याची प्रायमरी आठवडाभर आधी आणली, बिल क्लिंटन यांना तिथे पहिला मोठा विजय मिळाला आणि पुढच्या मंगळवारी त्यांनी दक्षिण जिंकली. मग सगळ्यांनाच घाई सुटली. प्रत्येक राज्य तारीख अलीकडे ओढू लागलं. २००८ पर्यंत सुपर ट्यूसडे सरकत सरकत ५ फेब्रुवारीवर आला आणि चोवीस राज्यांत एका ना एका पक्षाचं मतदान त्या दिवशी झालं. फ्लोरिडा आणि मिशिगन यांनी त्याच्याही आधी उडी मारली, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांचे सगळे प्रतिनिधी रद्द केले. रिपब्लिकनांनी निम्मे कापले.

५ फेब्रुवारीचे दोन डेमोक्रॅटिक निकाल शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. हिलरी क्लिंटन यांनी न्यू जर्सी लाखभराच्या मताधिक्याने जिंकलं. तिथले १०७ प्रतिनिधी वाटले गेले ५९ विरुद्ध ४८ असे. म्हणजे निव्वळ फायदा अकराचा. बराक ओबामा यांनी आयडाहो हे डोंगराळ, रिपब्लिकन वळणाचं राज्य जिंकलं. तिथे कॉकस होते, सगळी मिळून मतं वीसेक हजार. ओबामांना त्यातली जवळपास ऐंशी टक्के मिळाली आणि अठरापैकी पंधरा प्रतिनिधी त्यांचे झाले. फायदा बाराचा. याला कारण डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम: पंधरा टक्क्यांहून अधिक मतं मिळवणाऱ्या प्रत्येकाला मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळतात. म्हणून मोठ्या राज्यातल्या चुरशीच्या विजयातून फारसं हाती लागत नाही आणि छोट्या राज्यातला एकतर्फी विजय भारी पडतो. ओबामांच्या माणसांनी हा हिशेब महिनोन्महिने आधी मांडला होता. मतदानाच्या तीन दिवस आधी ते स्वतः आयडाहोच्या बॉइसी शहरात हजारोंच्या सभेत बोलले. क्लिंटन यांच्या गोटाची भिस्त मात्र मंगळवारी सगळं आटोपेल यावर होती. ती लढत जूनपर्यंत चालली आणि उशिरा मतदान करणाऱ्या राज्यांच्या मतालाही त्या वर्षी मोल आलं.

अशी वर्षं थोडी. एरवी एकाच दिवशी डझनभर राज्यं गाठायची तर उमेदवार चौकाचौकात जाऊ शकत नाही. विमानतळावर सभा आणि टीव्हीवर जाहिरात, एवढंच उरतं. नवख्या माणसाला हे परवडणारं नाही. निव्वळ पैशानेही भागत नाही, हे मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये दाखवून दिलं. पहिली चार राज्यं सोडून त्यांनी थेट सुपर ट्यूसडेवर पन्नास कोटी डॉलरहून अधिक ओतले आणि पॅसिफिक महासागरातल्या अमेरिकन सामोआ या बेटांखेरीज काहीही जिंकलं नाही. त्याच आठवड्यात बायडन यांची तिजोरी जवळपास रिकामी होती. साउथ कॅरोलायनातला शनिवारचा विजय आणि रविवार-सोमवारचं माघारसत्र यांच्या बळावर त्यांनी चौदापैकी दहा राज्यं घेतली.

पण त्या दिवसाचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं चित्र ह्यूस्टनमधलं आहे. टेक्सास सदर्न युनिव्हर्सिटी हे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी उभं राहिलेलं विद्यापीठ. तिथल्या केंद्रावर लागलेली रांग रात्री एक वाजून गेल्यावर संपली. काही जण सहा तासांहून अधिक वेळ उभे होते. दोन्ही पक्षांच्या प्रायमरी वेगळ्या, म्हणून काउंटीने प्रत्येक केंद्रावर दोन्ही पक्षांना सारखीच यंत्रं दिली होती. त्या वर्षी रिपब्लिकनांकडे ट्रम्प यांना खरं आव्हानच नव्हतं, त्यामुळे त्यांची यंत्रं रिकामी आणि डेमोक्रॅटिक यंत्रांसमोर रांग इमारतभर. आपल्या पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी माणसं मध्यरात्रीपर्यंत पाय मोडून उभी राहतात, ती या प्रक्रियेची खरी ताकद. त्यांना तसं उभं राहायला लावणं हा प्रशासनाचा अपराध आहे, आणि तो चौदा राज्यांच्या गर्दीत झाकला जाता कामा नये.

२०२४ मध्ये चित्र वेगळं होतं. ५ मार्चला पंधरा राज्यांत मतदान झालं. ट्रम्प यांचं नाव मतपत्रिकेवर ठेवता येणार नाही हा कोलोरॅडोच्या न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने आदल्या दिवशीच एकमताने फिरवला होता. ट्रम्प चौदा राज्यांत जिंकले. पंजाबी शीख कुटुंबातल्या निकी हेली यांना फक्त व्हरमाँट मिळालं आणि बुधवारी त्या बाहेर पडल्या. कॅलिफोर्नियात त्यांना सतरा टक्क्यांच्या आसपास मतं होती, प्रतिनिधी शून्य. निम्म्याहून अधिक मतं मिळाली तर सगळे १६९ प्रतिनिधी विजेत्याचे, असा तिथला रिपब्लिकन नियम.

प्रायमरीची ताकद मराठी वाचकाला ठाऊक असलेल्या एका माणसाच्या वाटचालीतही दिसते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिघांत तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉईटच्या मतदारसंघातून काँग्रेससाठी उभे राहिले. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचं पारडं इतकं जड की ऑगस्टमधली प्रायमरी हीच खरी निवडणूक. उमेदवारांची गर्दी होती, मतं विखुरली आणि तीस टक्क्यांहूनही कमी मतांवर ठाणेदार विजयी झाले.

वेळापत्रक सुधारायच्या योजना आहेत. राज्यांचा निवडणूक कारभार पाहणाऱ्या सचिवांच्या संघटनेने १९९९ मध्येच सुचवलं की, देशाचे चार विभाग करा, महिन्याला एक विभाग मतदान करेल आणि पहिला मान पाळीपाळीने फिरेल. मला हा मार्ग पटतो. उमेदवाराला एका विभागात पाय रोवून फिरता येईल आणि आज शेवटी असलेलं राज्य कधीतरी पहिलं येईल. पण तारीख ठरवायचा अधिकार राज्यांच्या विधिमंडळांकडे आणि राज्यांतल्या पक्षांकडे आहे. २०२४ साठी डेमोक्रॅटिक पक्षाने बायडन यांच्याच इच्छेने पहिला मान साउथ कॅरोलायनाला दिला. न्यू हॅम्पशायरने आपल्या कायद्यावर बोट ठेवून २३ जानेवारीला मतदान घेतलंच. बायडन यांनी तिथे नाव नोंदवलं नाही. मतदारांनी मतपत्रिकेवर स्वतःच्या हाताने त्यांचं नाव लिहून त्यांना निवडून दिलं, आणि न्यू हॅम्पशायरने पहिलेपणाचा हक्क सोडला नाही.