युकावांचा कण आणि युद्धकाळातलं बंगळूर

अणुगर्भातले धनभारित प्रोटॉन एकमेकांना दूर लोटत असूनही गर्भ फुटत का नाही, याचं उत्तर १९३५ साली ओसाकात शिकवणाऱ्या अठ्ठावीस वर्षांच्या हिदेकी युकावांनी दिलं. गर्भाला बांधून ठेवणारं बल अगदी थोड्या अंतरापुरतंच चालतं. म्हणजे ते वाहून नेणारा कण जड हवा, इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट. असा कण कोणी पाहिलेला नव्हता. १९३७ मध्ये विश्वकिरणांत साधारण तेवढ्याच वस्तुमानाचा कण सापडला (त्याला मेसॉन म्हणू लागले) आणि केंब्रिजमध्ये होमी भाभा या सिद्धांताकडे वळले. वेगाने धावणारा असा कण सापेक्षतेच्या नियमाने जास्त काळ टिकलेला दिसेल, हे त्यांनी १९३८ मध्येच मांडलं.

१९३९ मध्ये युकावा सॉल्वे परिषदेसाठी पहिल्यांदाच युरोपात गेले. युद्धामुळे परिषदच बारगळली आणि ते अमेरिकेमार्गे परतले. सुटीवर मायदेशी आलेले भाभाही त्याच युद्धाने अडकले आणि बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, रामन यांच्या भौतिकी विभागात, रुजू झाले.

भाभांची ही बंगळूरची वर्षं मला मुंबईतल्या त्यांच्या वैभवाहून अधिक जवळची वाटतात. तरुण हरीशचंद्र त्यांच्यासोबत सिद्धांतावर काम करत होते. दुसरीकडे मेसॉन मोजायची उपकरणं विमानातून सुमारे ३०,००० फुटांवर नेली जात होती. मध्ये शिशाचा जाड थर ठेवायचा. इलेक्ट्रॉन त्यात अडकतात, मेसॉन आरपार जातात. विमान होतं अमेरिकी हवाई दलाचं. जपानशी युद्ध पेटलेलं असताना अमेरिकेच्याच विमानात एका जपानी माणसाच्या कल्पनेतला कण मोजला जात होता!

पण मोजला गेलेला तो कण युकावांचा नव्हताच; तो होता म्युऑन. हे दोन वेगळे कण असावेत, असं जपानमध्ये साकाता आणि इनोउए यांनी १९४२ मध्येच सुचवलं होतं; युद्धामुळे ते बाहेर पोचायला उशीर झाला. खरा कण, पायॉन, १९४७ मध्ये ब्रिस्टलच्या पॉवेल यांच्या गटाला सापडला. १९४९ मध्ये युकावा नोबेल मिळवणारे पहिले जपानी ठरले. भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था तोवर बंगळुरातून मुंबईला गेली होती.

तिचेच संशोधक १९६५ मध्ये बंगळूरजवळच्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, ओसाका आणि डरहॅमच्या शास्त्रज्ञांसोबत काम करत होते. विश्वकिरणांमुळे वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो नावाचे कण अगदी पहिल्यांदा टिपले गेले त्या प्रयोगांपैकी हा एक. हे न्यूट्रिनो येतात मुख्यतः पायॉन आणि त्यांच्यापासून होणाऱ्या म्युऑनच्या विघटनातून.