निबंध कोणी तपासावा व कसा?

औंढा नागनाथ म्हटले की हेमाडपंती देवालयाबरोबर नामदेव व विसोबा खेचर या शिष्यगुरूंचे स्मरण होते. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची मडकी पारखली आणि नामदेवांचे कच्चे ठरविले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिच्यातील दोन गोष्टींकडे मात्र आमच्या शिक्षणखात्याचे लक्ष गेलेले दिसत नाही. पहिली ही की, थापटणे सर्वांस एकच होते. दुसरी ही की, 'कच्चे' हा शेवटचा निकाल ठरला नाही. त्यानंतरच नामदेव औंढ्यास विसोबांकडे आले व त्यांस बोध झाला. पारख झाली ती शिकविण्यासाठी.

आता कोणत्याही शाळेतील निबंधाची वही उघडून पाहावी. खाली लाल शाईचा एक आकडा, फार तर 'अक्षर सुधारा' असा शेरा. हा आकडा विचारांचा, शुद्धलेखनाचा, की वळणदार अक्षराचा? अमेरिकेत १९१२ साली स्टार्च व इलियट या संशोधकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडे तपासण्यास दिली, तेव्हा तिला कोणी शंभरांपैकी ६४ तर कोणी ९८ गुण दिले! एकाच पुराव्यावर दोन न्यायाधीशांनी भिन्न निकाल दिले तर पक्षकारास अपिलाची सोय असते. सातवीतल्या मुलाने अपील कोणाकडे करावे?

औंढ्यासारख्या तालुक्यात या अंदाधुंदीची किंमत अधिक पडते. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता आणि माध्यमिक व उच्च शिक्षणात उर्दूचे वर्चस्व होते. शाळेतून मराठी लिहिण्याची परंपरा येथे उशिरा रुजली. तांड्यावरचे मूल तर घरी गोरमाटी बोलते. त्याच्या निबंधात घरचा एखादा शब्द आला, तर एक गुरुजी चूक म्हणून तो खोडतात आणि दुसऱ्या बाई त्याचेच कौतुक करतात. मूल यातून एवढेच शिकते की, आपले काही लिहू नये; बाजारच्या मार्गदर्शिकेतील निबंध उतरवावा. मग हळद शिजविण्याची लगबग किंवा ऊसतोडीस गेलेल्या आईबापांची वाट पाहणे वहीत उतरत नाही. जो समाज आपले सुखदुःख आपल्या शब्दांत मांडू शकत नाही, त्याच्या वतीने दुसरेच अर्ज लिहितात आणि अंगठा मात्र त्याचा घेतात.

यावर उपाय आहे, आणि त्यास नवे खाते नको. एका केंद्रातील शाळांच्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरतेच. तीत एक तास राखून ठेवावा. मुलांची नावे झाकून दहा निबंध सर्वांनी स्वतंत्रपणे तपासावेत व गुण फळ्यावर मांडावेत. जेथे तफावत पडेल तेथे खुशाल वाद घालावा. आशय, मांडणी, शब्दयोजना व शुद्धता यांस किती गुण, हे त्या वादातूनच ठरेल. ठरलेली कसोटी मुलांस लिहिण्यापूर्वी सांगावी, समान आढळलेल्या उणिवा महिनाभर सर्वांनी शिकवाव्यात आणि तोच निबंध पुन्हा लिहून घ्यावा. शालान्त परीक्षेत परीक्षकांवर नियामक नेमून राज्य मंडळाने हे तत्त्व मान्यच केले आहे. परंतु तेथे मूल शाळेबाहेर पडताना ते लागू होते, आणि तेव्हा शिकविण्यास अवधी उरत नाही.

शिक्षकांस वेळ नाही, हा आक्षेप खरा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज अन्य बिगरशैक्षणिक कामांस शिक्षकांना जुंपण्यास मनाई केली आहे. सरकारने ते कलम अक्षरशः पाळावे. दुसरा आक्षेप मानाचा. आपण दिलेले गुण इतरांनी तपासणे म्हणजे अविश्वास, असे काहींस वाटेल. त्यांनी औंढ्याजवळच्या दुधाळ्याकडे पाहावे. तेथे ज्या लायगो वेधशाळेस केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली, तिच्या अमेरिकेतील दोन वेधशाळांनी २०१५ साली एकच गुरुत्वीय लहर टिपली आणि एकीची साक्ष दुसरीने पटविली. त्यात कोणाचाही मान गेला नाही; उलट जगाचा विश्वास वाढला.

तेव्हा औंढ्याच्या गुरुजनांनी परिपत्रकाची वाट पाहू नये. येत्या परिषदेस प्रत्येकाने आपल्या वर्गातील एक वही घेऊन जावे, एवढेच आमचे मागणे आहे.